पाणबुडीच्या पोटाखालचे शिसे

आमच्या घरात शिसे नवीन नाही. आम्ही दालदी, दाभोळ खाडीच्या काठचे. अब्बांची सारी उमर खाडीत पाग टाकण्यात गेली. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. जाळे पाण्यावर छत्रीसारखे पसरते, गोळ्यांच्या वजनाने एकदम तळाला बसते आणि ओढताना घेर मिटत येतो. बोय, काळुंदर जे काही खाली असेल ते आत अडकते. या गोळ्या अब्बा स्वतः करत. जुन्या लोखंडी पळीत शिसे वितळवत, पत्रा करून त्याचे तुकडे कापत आणि दोरीवर बसवताना दातांनी दाबत. आम्ही दोघे नवरा-बायको मिळून हे लिहीत आहोत. आमच्यापैकी एकाने हे बालपणापासून पाहिले आणि दुसरीने या घरात लग्न होऊन आल्यापासून. त्यात काही वावगे आहे, असे दोघांनाही कधी वाटले नाही.

गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या थोरल्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाणबुडी करायचे ठरवले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' ही पाणबुडी 14 डिसेंबर 2017 रोजी नौदलात दाखल झाली. तिचे चित्र त्याने भिंतीवर चिकटवले होते. 'कलवरी' हे नाव खोल पाण्यातल्या एका शार्कचे. ते कळल्यावर दादीने मुलांना हजरत यूनुस (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा पुन्हा सांगितला आणि आमची तीन वर्षांची धाकटी त्या अर्धवट मॉडेलला "यूनुस नबींची मच्छी" म्हणू लागली.

मॉडेल साधेच होते. 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडांना टोप्या, वर छोटा मनोरा, आत बॅटरी, मोटर आणि मागे पंखा. पोटाखाली खोकल्याच्या औषधाची 60 मिलीची प्लास्टिकची बाटली बांधली होती. तिच्या तळाला भोके आणि वरून सलाइनची नळी. नळीचे दुसरे टोक काठावरच्या मोठ्या सिरिंजला. सिरिंजने हवा ओढली की बाटलीत पाणी शिरते आणि पाणबुडी जड होते. हवा ढकलली की पाणी बाहेर जाते आणि ती वर येते. खऱ्या पाणबुडीचे तत्त्वही हेच.

पण आधी एक अडचण सोडवावी लागते. हवेने भरलेला पाइप बुडायलाच तयार नसतो. थोरल्याने बादली काठोकाठ भरून मॉडेल त्यात दाबले आणि सांडलेले पाणी मोजले. ते 2 लिटर 100 मिली भरले. म्हणजे पाणी त्या मॉडेलला 2,100 ग्रॅमच्या जोराने वर ढकलणार. मॉडेलचे स्वतःचे वजन मात्र 1,250 ग्रॅम. पाणबुडी पाठ जेमतेम बाहेर ठेवून तरंगावी आणि 60 मिली पाणी पोटात घेताच बुडावी, यासाठी आणखी 800 ग्रॅम वजन हवे होते. तेही खाली, पोटाजवळ. वजन वर राहिले, तर पाण्याखाली गेलेली पाणबुडी उलटी होते.

अब्बा ओसरीवर बसून सगळे ऐकत होते. ते उठले आणि माळ्यावरून पत्र्याचा डबा घेऊन आले. आत जुन्या पागांच्या गोळ्या होत्या. "वजनच पाहिजे ना? घे," ते म्हणाले. नातवाच्या कामात आपल्या धंद्यातली वस्तू लागते आहे, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. पाय थकल्यामुळे पाग टाकणे सुटल्यापासून असा आनंद आम्ही क्वचितच पाहिला होता.

त्या संध्याकाळी मागच्या पडवीत चूल पेटली. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही सहज. अब्बांनी लोखंडी अँगलच्या खाचेत रस ओतला आणि तासाभरात चकचकीत पट्टी तयार झाली. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. पळीतल्या रसावर जमलेली करडी मळी अब्बांनी चुलीशेजारी झटकली. धाकटी डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजत होती, एक मुठीत, एक फ्रॉकच्या खिशात आणि एक तोंडात. आम्ही तोंडातली काढून घेतली, "थू थू" केले आणि हसलो. पुढचे काही दिवस त्या गोळ्या तिच्या खेळण्यांतच होत्या. पट्टी मॉडेलखाली बसवली आणि टाकीत सोडली. पाणबुडी अगदी मोजल्याप्रमाणे तरंगली आणि मोजल्याप्रमाणे बुडाली. सगळ्यांनी "माशाअल्लाह" म्हटले.

रंग द्यायच्या दिवशी थोरला रंगाचा डबा वाचत होता. त्यावर रंगात शिसे मिसळलेले नाही, असे मुद्दाम छापले होते. त्याने विचारले, "अब्बू, भिंतीच्या रंगात शिसे नको, मग पाणबुडीला कसे चालते?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नव्हते म्हणून शोधू लागलो आणि जे समजले त्याने झोप उडाली. 2000 साली आपल्या देशात शिसे घातलेले पेट्रोल बंद झाले, ते याच कारणाने. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसे चालणार नाही, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते. ते वाढत्या मेंदूला इजा करते. मुलाची शिकण्याची शक्ती आणि एकाग्रता कमी होते, आणि वरून काहीही दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. पुढे गर्भारपणी आईच्या हाडांतून ते बाळापर्यंत पोहोचू शकते. शिशाचा घट्ट गोळा हातात धरल्याने मोठे काही होत नाही. धोका असतो तो धुरात, बारीक धुळीत, वितळवताना वर येणाऱ्या मळीत आणि हातावरून तोंडात जाणाऱ्या काजळीत. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या पडवीत जे जे होते, त्या सगळ्यात.

आम्ही धाकटीला शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. रक्त मुंबईला पाठवले गेले. आठवड्याने रिपोर्ट आला. एका डेसिलिटर रक्तात 9 मायक्रोग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले. 5 किंवा त्याहून जास्त असेल, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायचे. रक्तातून शिसे काढणारी औषधे असतात, पण ती 45 च्या पुढे विचारात घेतात. इथे औषध म्हणजे घराची सफाई आणि चांगला आहार. लोह आणि कॅल्शियम कमी पडले की शरीर शिसे जास्त ओढून घेते. म्हणून पालेभाजी, खजूर, मासे, दूध, लिंबू.

मग त्यांनी प्रश्न विचारले. घराला जुना रंग आहे का? जवळ कुठे बॅटऱ्या फोडतात का? जाळ्याची शिशी घरात आहेत का? आणि शेवटी, "मुलीच्या डोळ्यांत सुरमा घालता का?"

घालत होतो. दादीची सुरमेदानी आमच्या घरातली लाडकी वस्तू. सुरम्याबद्दल हदीसमध्ये इस्मदचा उल्लेख आहे. पण बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी पूड पुष्कळदा गॅलिना नावाच्या खनिजाची असते आणि गॅलिना म्हणजे शिसे आणि गंधक. बाळाचा हात डोळ्यावरून फिरतो आणि सरळ तोंडात जातो. दादीने रिपोर्टविषयी ऐकले आणि त्याच दिवशी सुरमेदानी कपाटात ठेवून कुलूप लावले. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. एवढेच म्हणाल्या, "बेटीच्या डोळ्यांत नूर अल्लाहने दिलेलाच आहे."

अब्बांना सांगणे कठीण होते. आम्ही दोन दिवस टाळले. एकाला वाटत होते, सांगायची काय गरज आहे, डबा गुपचूप हलवू या. दुसरीचे म्हणणे होते, गुपचूप हलवला तर ते उद्या दुसऱ्या नातवंडासमोर पळी काढतील. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दातांनी शिसे दाबले, त्याला स्वतःच्या शरीराची माहिती मिळण्याचा हक्क नाही का? शेवटी असरच्या आधी आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि रिपोर्ट वाचून दाखवला.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पोरीला जहर दिलं?"

"नाही, अब्बा," आम्ही म्हणालो. "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या जगाने पेट्रोलमध्ये शिसे घालून वर्षानुवर्षे ते हवेत सोडलं. शिकल्यासवरल्या लोकांनी सोडलं. आणि गोळी तिच्या तोंडात दिसली, तेव्हा हसलो तर आम्ही."

ते उठले, वजू केला आणि मशिदीत गेले. परत आले ते मगरीबनंतर. डबा त्यांनी स्वतः उचलून आमच्यासमोर ठेवला. "पोराची पाणबुडी बुडली पाहिजे. शिशाशिवाय बुडव," म्हणाले. तो आम्हांला हुकूमही वाटला आणि दिलासाही.

दुसऱ्या दिवशी सफाई केली. कोरडा झाडू मारला नाही, त्याने धूळ उडते. पडवी ओल्या फडक्यांनी तीनदा पुसली, चुलीशेजारची वरची माती खरवडून पिशवीत बांधली, पळी कायमची बाद केली, खेळणी साबणाने धुतली. गोळ्या आणि ती चकचकीत पट्टी डब्यात घालून झाकण चिकटपट्टीने बंद केले. खाडीत टाकायचे नाही आणि भंगारवाल्यालाही द्यायचे नाही, हे आम्ही ठरवले होते. भंगारवाला ते कुठल्यातरी दुसऱ्या पडवीत वितळवणार. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानदाराकडे चौकशी केली. त्याचा माल अधिकृत कारखान्यात जातो. बॅटरीबरोबर डबाही त्याने घेतला.

आता प्रश्न उरला वजनाचा. थोरला हिरमुसला होता. त्याचे म्हणणे, खऱ्या पाणबुड्यांतसुद्धा शिशाचे ठोकळे ठेवतात. ते खरे आहे. पण तिथे ते बंद जागेत असतात, प्रशिक्षित माणसे हाताळतात आणि आसपास तीन वर्षांची मुले खेळत नाहीत. इथे मॉडेल शाळेत जाणार, शंभर मुले त्याला हात लावणार आणि त्याच हातांनी डबा खाणार. शिशावर रंगाचा थर द्यावा, असाही एक सल्ला मिळाला. पण थर खरवडतो आणि पुढच्या वेळी वजन कमी-जास्त करायला पुन्हा शिसेच कापावे लागते. इंग्लंडमध्ये हंस मासेमारीची लहान शिशे गिळून मरत होते, म्हणून 1987 पासून गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर तिथे बंदी आहे. थोरल्याने हे वाचले आणि स्वतःच म्हणाला, "ते लोक मासे पकडतातच ना अजून? म्हणजे दुसरं काहीतरी आहे."

मग हिशेब सुरू झाला. शिसे लोकांना का आवडते? ते स्वस्त, मऊ आणि छोट्या जागेत खूप जड असते. एका घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम. लोखंड 7.85. साधा दगड 2.65. पहिल्यांदा आम्हांला वाटले, लोखंड शिशापेक्षा एवढे हलके, तर वजन दीडपट लागेल. पण तसे नसते. 800 ग्रॅम म्हणजे 800 ग्रॅम. फक्त वजन पाइपच्या बाहेर, पाण्यात बांधले, तर ते स्वतःही पाणी बाजूला सारते आणि तेवढे हलके होते. एक घन सेंटिमीटरमागे एक ग्रॅम. थोरल्याने वहीत तक्ता केला. पाण्यात 800 ग्रॅमचा भार मिळण्यासाठी शिसे लागते 877 ग्रॅम आणि जागा 77 घन सेंटिमीटर. लोखंड लागते 917 ग्रॅम आणि जागा 117. दगड लागतो 1,285 ग्रॅम आणि जागा 485, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर. दगड बाद झाला. दोन लिटरच्या पाणबुडीला अर्ध्या लिटरचा दगड बांधला, तर ती पाणबुडी राहत नाही, नांगर होतो. पण लोखंड? फक्त 40 ग्रॅम जास्त आणि जागा दीडपट. एवढ्या 40 घन सेंटिमीटर जागेसाठी आपण शिसे वापरत होतो. साधारण आठ छोटे चमचे पाणी मावेल, एवढी ती जागा.

तरी पहिला प्रयत्न फसला. सायकलच्या दुकानातून पोलादी छर्रे आणले. पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा, त्यामुळे मोजायला सोपा. 800 छर्रे पिशवीत भरून पाइपच्या आत तळाला ठेवले. टाकीत पाणबुडीचे तोंड किंचित खाली गेले, पिशवी त्या बाजूला घसरली, तोंड आणखी खाली गेले आणि पाणबुडी उभीच्या उभी तळाला जाऊन टेकली. धाकटीने टाळ्या वाजवल्या. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण धडा मिळाला. पाणबुडीत वजन हलता कामा नये. ते लांबीभर सारखे पसरलेले आणि पक्के हवे.

पितळ सुचवले शेजारच्यांनी. पितळ लोखंडापेक्षा थोडे जड आणि गंजतही नाही. पण यंत्रावर कातायच्या पितळेत काम सोपे व्हावे म्हणून दोन-तीन टक्के शिसे मिसळतात, हे वाचले आणि तो विचार सोडला. आखातातून मामूंनी फोनवर टंगस्टन सांगितले. ते शिशाहून कितीतरी जड, घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम. पण किंमत ऐकून थोरलाच म्हणाला, "मामू, पाणबुडी शाळेची आहे, नौदलाची नाही."

शेवटी उत्तर मिळाले ग्रिलच्या कारखान्यात. 20 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे उरलेले तुकडे तिथे कोपऱ्यात पडले होते. 39 सेंटिमीटरचे तीन तुकडे एकावर एक ठेवले की बरोबर 117 घन सेंटिमीटर होतात. कारागिराने कापून, कडा घासून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. तो लाल प्रायमरही द्यायला निघाला. आम्ही डबा हातात घेऊन वाचला. जुन्या काळच्या लाल प्रायमरमध्ये शिशाचा शेंदूर असे. याच्यात लोखंडाचा ऑक्साइड होता. मग लावला, कारण लोखंड गंजते आणि ही एक गोष्ट शिशात सांभाळावी लागत नाही. वरून रंगाचे दोन हात दिले आणि पट्ट्या पाइपखाली दोन क्लॅम्पनी घट्ट आवळल्या. क्लॅम्प सैल करून पट्ट्या पुढे-मागे सरकवता येतात. तोंड खाली जात असेल तर अर्धा सेंटिमीटर मागे. चूल नाही, धूर नाही, मळी नाही. धाकटी शेजारी बसून नटबोल्ट देत होती आणि आम्हांला तिच्या हातांकडे सारखे पाहावे लागत नव्हते.

प्रदर्शनात पाणबुडी काचेच्या टाकीत नीट चालली. तिला बक्षीस मिळाले नाही, पण थोरल्याने मॉडेलशेजारी तो तक्ता लावला होता आणि वर लिहिले होते, "शिसे का वापरले नाही?" बरेच पालक मॉडेलपेक्षा तक्त्यापुढे जास्त थांबले. त्यांतल्या दोघी-तिघींनी हळूच सुरम्याविषयी विचारले.

प्रदर्शन झाल्यावर अब्बांनी हट्ट धरला की पाणबुडी खाडीत उतरवायची. भरतीच्या वेळी धक्क्यावर गेलो. थोरल्याने सिरिंज ओढली, बाटली पाण्याने भरली, पण पाणबुडी बुडेना. पुन्हा ओढली. मनोरा वरच. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही एकमेकांकडे.

अब्बा हसले. कित्येक दिवसांनी हसले. "अरे, हे भरतीचं पाणी. खारं. घरच्या टाकीतलं गोडं. खारं पाणी वर जास्त उचलतं. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी येतं तेव्हा पाग लवकर बसतो, उन्हाळ्यात उशिरा. हे आमच्या हातांना ठाऊक असतं."

थोरल्याने वही काढली. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. दोन लिटर 100 मिलीला पन्नासेक ग्रॅमचा जास्त जोर. अब्बा बरोबर होते. त्यांनी खिशातून स्टेनलेस स्टीलचे नट काढले. ते त्यांनी कधी आणून ठेवले होते, आम्हांला माहीत नव्हते. तार ओवून एकेक नट ते क्लॅम्पला बांधू लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या नटाला पाणबुडी संथपणे खाली गेली. मग थोरल्याने हवा ढकलली आणि ती पाणी झटकत वर आली. धाकटी धक्क्यावर नाचू लागली, "यूनुस नबींची मच्छी आली!"

वाचक बंधू-भगिनींनो, मूल ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, हे आपण सगळे मानतो. आमची नियत वाईट नव्हती, अब्बांची तर मुळीच नव्हती. पण नियत चांगली असली म्हणून धूर निर्मळ होत नाही. आपल्या घरांत जाळी आहेत, सुरमेदान्या आहेत, जुने रंग आहेत, बॅटऱ्या आहेत. एकदा बघून घ्या. मूल लहान असेल आणि शंका असेल, तर डॉक्टरांना विचारा. रक्ताची एक तपासणी पुरते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचे असेल, तर त्यांच्याजवळ बसून सांगा. लपवून त्यांची वस्तू हलवू नका. त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे, ते आपल्याला अजून लागणार आहे.

तीन महिन्यांनी धाकटीची पुन्हा तपासणी केली. 9 चे 6 झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरते आहे, धीर धरा, हाडांत गेलेले सावकाश निघते. अल्हम्दुलिल्लाह. पुढची तपासणी ईदनंतर आहे.

अब्बांनी माळ्यावरचा शेवटचा पाग खाली काढला. त्याच्या घेराची शिशी एकेक करून सोडवली. हातात मोजे होते, तोंडाला रुमाल बांधलेला होता आणि धाकटी नानीकडे पाठवलेली होती. त्या जागी स्टीलची बारीक साखळी घेरभर शिवली. त्याला चार दिवस लागले. मग पुतण्याला घेऊन धक्क्यावर गेले, त्याच्याकडून पाग टाकवला आणि स्वतः पाण्याकडे बघत उभे राहिले.

"जरा हळू बसतोय," ते म्हणाले. "पण बसतोय."